वेलीला जोडलेले राहण्यासाठी: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांकरिता काही सूचना

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने स्वतःला खरा द्राक्षवेल, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे म्हटले आहे, आणि तेथे शिष्यांकडून पहिली अपेक्षा केली आहे ती त्याच्यामध्ये राहण्याची. फळ त्या राहण्यातून येते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या बहुतेकांना हा उतारा तोंडपाठ असतो, तरी प्रत्यक्षात आपले वागणे उलट्या क्रमाने चालते. समितीच्या बैठका, नाताळचा कार्यक्रम, संडे स्कूल आणि गायनमंडळ यांत वर्ष भरून जाते, आणि ज्याच्या नावाने हे सर्व चालते त्याच्याशी निवांत बोलणे आठवड्यामागून आठवडे राहून जाते. पुढील सूचना हा क्रम सुलटा करण्यासाठी आहेत. त्या इंदूरमधील मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण येथील सकाळ, येथील रविवार आणि येथील भाषांची सरमिसळ लक्षात न घेता दिलेला सल्ला रविवारी ऐकला जातो आणि सोमवारी विसरला जातो.

ज्यांनी नाशिककडच्या द्राक्षबागा पाहिल्या आहेत त्यांना या उताऱ्यातील छाटणीचा, म्हणजे माळी फळ देणारा फाटा अधिक फळासाठी छाटतो या वचनाचा, अर्थ लवकर कळेल. तेथे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिल्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांत पुढच्या घडांची तयारी होते आणि दुसरीनंतर येणाऱ्या नव्या फुटींवर घड धरतात. न छाटलेला वेल काही लगेच मरत नाही. तो हिरवागार दिसतो, सगळा मांडव व्यापतो, मात्र त्याचा जोर पानांतच खर्ची पडतो. यहेज्केलाने आपल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती अशी की द्राक्षवेलीच्या लाकडाची भांडे अडकवण्यापुरती खुंटीसुद्धा होत नाही. सागवान किंवा बाभूळ तोडल्यावरही कामी येते, परंतु वेलीपासून तुटलेल्या फाट्याला जळणापलीकडे किंमत नसते. येशूचे श्रोते हे जाणत होते, म्हणून त्याच्यापासून वेगळे झाल्यास काहीच करता येत नाही हे वाक्य त्यांना अतिशयोक्तीचे वाटले नसावे.

वेळ आणि जागा

मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमातील एक संध्याकाळ वर्णिलेली आहे. सूर्य मावळल्यावर सगळे गाव दाराशी लोटले, अनेक आजारी बरे झाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांत जागी प्रार्थनेला गेला. कामाचा ताण सर्वांत जास्त असलेल्या दिवसानंतर त्याने एकांत टाळला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि यावरून प्रत्येकाने पहाटे चारला उठलेच पाहिजे असा नियम काढणे योग्य नव्हे. रात्रपाळी करून पीथमपूरहून सकाळी परतणाऱ्या माणसाची पहाट वेगळी असते, आणि तान्हे मूल असलेल्या आईची तर ठरलेली नसतेच.

वेळ ठरवताना घरातील वस्तुस्थिती पाहावी. इंदूरच्या पुष्कळ वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि ज्या सकाळी नळ येतात त्या सकाळी मोटार चालू करणे, टाकी भरणे, पिंप धुणे यांपुढे दुसरे काही सुचत नाही. त्यातच कचरागाडी गाणे वाजवत दाराशी येते. अशा घरात रोज सकाळी साडेसहा असा नियम केला तर तो एक दिवसाआड मोडणार हे उघड आहे, आणि मोडलेला नियम काही दिवसांतच सुटतो. त्यापेक्षा नळाच्या दिवशी रात्रीची व इतर दिवशी सकाळची वेळ ठरवावी, किंवा दुपारी मुले शाळेतून येण्यापूर्वीची पंधरा मिनिटे कायमची राखून ठेवावीत. आरंभी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. जागा मात्र एकच असावी, आणि मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावा. मोबाइलवर पवित्र शास्त्र वाचण्याची सोय चांगली आहे, परंतु त्याच पडद्यावर मेव्हण्याचा निरोप, बँकेचा संदेश आणि क्रिकेटचा धावफलक येत असतो, म्हणून निदान या पंधरा मिनिटांपुरते छापील पुस्तक हाती घ्यावे. सकाळी कोणीतरी पाठवलेले फुलांच्या चित्रावरचे वचन दहा जणांना पुढे पाठवणे हे मनन नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो.

वाचन

जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करून वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा संकल्प अनेक जण करतात. प्रोटेस्टंट परंपरेतील सहासष्ट पुस्तकांचे एकूण १,१८९ अध्याय होतात, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले तर वर्षात ते पूर्ण होते. हिशेब सोपा आहे, तरी लेवीय पुस्तकातील यज्ञांच्या नियमांपाशी पोहोचेपर्यंत बहुतेकांचा उत्साह ओसरतो. ज्यांचे वाचन मधल्या काळात सुटले आहे त्यांनी दुसरीकडून आरंभ करावा. मार्काचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे आहे आणि एका निवांत दुपारी ते सलग वाचून होते. ते एकदा तसे वाचावे, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी ऐकलेल्या प्रसंगांचा ओघ लक्षात येतो. त्यानंतर योहानाचे एकवीस अध्याय रोज एक याप्रमाणे तीन आठवडे घ्यावेत. त्याच्या जोडीला स्तोत्रे असावीत. रोज पाच स्तोत्रे वाचल्यास १५० स्तोत्रे महिन्यात होतात, आणि हे जड वाटणाऱ्याने एकशे एकोणिसावे स्तोत्र घ्यावे. त्याच्या १७६ ओव्या आठ-आठच्या बावीस भागांत विभागलेल्या आहेत, त्यामुळे रोज एक भाग असे ते बावीस दिवसांत पुरे होते.

वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नये. उताऱ्यातील एक ओवी वहीत हाताने उतरवावी आणि तिच्याखाली आज करण्याची एकच गोष्ट लिहावी, तीही नावानिशी आणि करता येण्यासारखी. अधिक प्रेमळ व्हावे असे लिहिल्याने काही घडत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे औषध संपले आहे का ते विचारावे, असे लिहिले तर घडते. स्नेहलतागंजातील एका आजींचे पवित्र शास्त्र मी पाहिले आहे. त्याच्या समासांत पेन्सिलीने तारखा आणि दोन-दोन शब्दांच्या नोंदी आहेत: एका ठिकाणी ‘मंदाची परीक्षा’, दुसरीकडे ‘यांचे ऑपरेशन, एम. वाय.’ (म्हणजे इंदूरचे एम. वाय. रुग्णालय), आणि खोल दुःखातून देवाला हाक मारणाऱ्या एकशे तिसाव्या स्तोत्राशेजारी नुसतीच तारीख. त्या तारखेबद्दल मी विचारले नाही. वचन आणि घरातले दिवस असे एकाच पानावर आले म्हणजे वाचन आपोआप प्रार्थनेकडे वळते.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. इंदुरात आपल्यापैकी बहुतेकांची रविवारची उपासना हिंदीत होते, मुले इंग्रजी शाळांत शिकतात, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरात व गावाहून आलेल्या फोनवर. त्यामुळे पुष्कळ घरांत प्रार्थना हिंदी उपदेशातील ठरीव शब्दांत होते आणि मनातले दुःख मात्र मराठीतच राहते. एकांतातील प्रार्थना आपण ज्या भाषेत रागावतो आणि रडतो त्या भाषेत करावी. यासाठी साधने कमी नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीकवरून सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि १९२२ साली निधन होईपर्यंत त्या कामाला आयुष्याची अखेरची वर्षे दिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या व भजनांच्या चालीवर मराठी मंडळीला गाणे दिले, आणि त्यांची पदे ‘उपासना संगीत’मध्ये आजही गायली जातात. रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत मुलाने उतारा हिंदीतून वाचावा, आजोबांनी तोच मराठीतून वाचावा आणि शेवटी टिळकांचे एक पद सर्वांनी म्हणावे. मुलांना अडखळत का होईना मराठी वाचायला लावण्याचा हट्ट उपासनेच्या वेळी करू नये. तो दुसऱ्या वेळी करावा.

प्रार्थना, आणि ती कोरडी पडते तेव्हा

प्रार्थनेचा क्रम साधा ठेवावा. एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे, कालच्या दिवसातील ठळक गोष्टींबद्दल उपकार मानावेत, जे चुकले ते नाव घेऊन कबूल करावे, मग ज्यांच्यासाठी विनंती करायची त्यांची नावे घ्यावीत आणि प्रभूच्या प्रार्थनेने संपवावे. नावे वारांप्रमाणे वाटून घेतली तर यादी ओझे होत नाही. सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी, बुधवारी ज्यांच्याशी आपले पटत नाही ते, असे काहीही चालेल, फक्त शेवटच्या गटाला एक वार द्यायला विसरू नये. मधून काही वेळ गप्प बसावे. हे सर्वांत कठीण जाते, कारण गप्प बसताच कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, तरीही बसावे.

काही महिने असे येतात की शब्द उठत नाहीत आणि वचन कागदासारखे वाटते. अशा वेळी पहिला प्रश्न पापाचा करू नये, शरीराचा करावा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले. झोप अपुरी आहे का, साखर किंवा थायरॉइडची तपासणी राहिली आहे का, घरातील एखाद्या मृत्यूचे दुःख अजून मनात दाटलेले आहे का, हे पाहावे. उदासी आठवड्यांमागून आठवडे टिकली, भूक आणि कामातील रस गेला, तर डॉक्टरांकडे जावे, आणि जाणाऱ्याला विश्वास कमी पडला असे कोणी म्हणू नये. देवाशी बोलणे पूर्ण थांबवू मात्र नये. एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना एवढेच राहिले तरी चालते, आणि त्यासाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घ्यावे, कारण ते अंधारातच संपते आणि तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलेले आहे. लूकाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ नव्हते. माळ्याने मालकाकडे आणखी एक वर्ष मागितले, भोवती खणून खत घालण्यासाठी. कोरड्या काळात आपल्याकडून होण्यासारखे काम तेवढेच असते.

मंडळी, प्रभूची मेज आणि अबोला धरलेला भाऊ

घरची उपासना कितीही नियमित असली तरी ती मंडळीची जागा घेत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र येणे सोडू नये असे स्पष्ट सांगितले आहे. इंदुरात १८७७ पासून कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले, १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाल्यावर अनेक प्रोटेस्टंट प्रवाह एकत्र आले, आणि कॅथलिक बांधव लाल चर्चमध्ये जातात. परंपरा वेगवेगळ्या असल्या तरी या सूचनेत फरक पडत नाही. रविवारी उपासनेनंतर पोहे-जिलबी खात उभे राहून झालेल्या गप्पा ही गोड गोष्ट आहे, तथापि तेवढ्याने सहभागिता पुरी होत नाही. दोन किंवा तीन विश्वासू व्यक्तींनी पंधरवड्यातून एकदा एखाद्याच्या घरी बसावे, प्रत्येकाने स्वतःबद्दल खरे सांगावे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी. येथे एक सावधगिरी हवी. प्रार्थनेचा विषय म्हणून हळू आवाजात सांगितलेली दुसऱ्याची गोष्ट आपल्या शहरात दुपारपर्यंत विजयनगरहून महूला पोहोचते. म्हणून अशा बैठकीत दुसऱ्यांच्या घरचे विषय आणूच नयेत.

प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करावे असे पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे, आणि त्या परीक्षणाची सुरुवात कोठून करावी हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे: वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. आपल्या घरांत हा प्रश्न बहुधा वडिलांच्या घराच्या वाटणीवरून असतो, आणि अबोला वर्षानुवर्षे चालतो. माझ्या मते कोरडेपणाचे हे कारण आपण सर्वांत कमी तपासतो. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी फोन करावा आणि एवढेच म्हणावे: “दादा, त्या दिवशी वहिनींसमोर मी ज्या स्वरात बोललो ते चुकले. मला क्षमा कर.” त्याच फोनवर कागदपत्रांचा किंवा हिश्शाचा विषय काढू नये, तो न्याय्य असला तरी नंतर, शक्य असल्यास दोघांनाही मान्य असलेल्या मोठ्या माणसाच्या उपस्थितीत काढावा. समोरून “बरं, ठीक आहे” एवढेच उत्तर येईल किंवा फोन उचललाच जाणार नाही. तरी आपल्या बाजूचे काम झालेले असते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करता येतो. कोणाचे पैसे ठेवून घेतले असतील तर मात्र क्षमा मागणे अपुरे आहे. लूकाच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाने लबाडीने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते.

छाटणी

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि रविवार वगळता चाळीस दिवस चालतो. त्यात मांस किंवा गोड सोडण्याची रीत चांगली आहे, पण ज्यांच्याकडे मंडळीची अनेक कामे आहेत त्यांनी या काळात एखादे काम सोडण्याचा विचार करावा. जे काम सोडण्याच्या कल्पनेने सर्वांत अधिक चिडचिड होते तेच बहुधा छाटण्याजोगे असते, कारण त्यात सेवेपेक्षा आपले नाव अधिक गुंतलेले असते. ते दुसऱ्या कोणाच्या, शक्यतो तरुण माणसाच्या, हाती द्यावे आणि तो आपल्याहून वाईट करतो आहे असे वाटले तरी बोलू नये.

दुसऱ्याच्या दुःखाला छाटणी हा शब्द कधीही लावू नये. ज्याचे मूल गेले, ज्याची नोकरी गेली, त्याला देव तुमची छाटणी करीत आहे असे सांगणारे भेटतात. त्यांना माळ्याचे मन इतके ठाऊक असते याचे आश्चर्य वाटते. अशा घरी जेवणाचा डबा न्यावा, बसावे आणि फार बोलू नये.

फळ कोठे पाहावे

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन यांची नावे येतात. बढती, नवे घर किंवा परदेशचा व्हिसा या यादीत नाही, आणि व्यासपीठावरील प्रभावी भाषणही नाही. यादी वाचून स्वतःला गुण देण्यात अर्थ नाही, कारण आपण स्वतःला उदारपणे गुण देतो. वर्षातून एकदा पत्नीला किंवा पतीला विचारावे की, मागच्या वर्षापेक्षा माझे रागावणे कमी झाले आहे का, आणि उत्तर ऐकून वाद घालू नये. घरकामाला येणाऱ्या मावशींशी, दुकानातील पोऱ्याशी, कार्यालयातील कनिष्ठाशी आपण कसे बोलतो, तेथे सौम्यता दिसते किंवा दिसत नाही.

फळाचे टोकाचे उदाहरण आपल्याच परिसरात आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे गरीब आदिवासी आणि शेतमजूर यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली, त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतः धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, आणि त्यानेही पश्चात्ताप व्यक्त केला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना कॅथलिक चर्चने धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले. अशी क्षमा एका दिवसाच्या निश्चयाने येत नसावी. आधीच्या साध्या दिवसांत ती मुरत गेलेली असते.

आपल्याला रोज करता येण्याजोगे काम लहान आहे. एम. वाय. रुग्णालयात झाबुआ, धार, बडवानी या भागांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक बाहेर ओट्यावर दिवस काढतात, आणि त्यांना जेवणाइतकीच कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे सांगणाऱ्याची गरज असते. आठवड्यातून एक दुपार त्यासाठी द्यावी. मदत बिनशर्त असावी. मध्य प्रदेशातील २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा प्रलोभन दाखवून धर्मांतर घडवण्यास मनाई करतो, आणि कायदा नसता तरी भाकरीच्या बदल्यात काही मागणे हे शुभवर्तमानात बसत नाही. कोणी आपणहून विचारले की हे का करता, तर खरे आणि थोडक्यात सांगावे.

शेवटची सूचना शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, बेंगळुरूकडे जाणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. तुटण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, कारण रविवारी सकाळी उठवणारे कोणी नसते. निघण्यापूर्वी पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घ्यावे, जाण्याच्या आधीच तेथील एखाद्या मंडळीचा पत्ता आणि उपासनेची वेळ फोन करून विचारून ठेवावी, आणि सामान लागलेले नसले तरी पहिल्याच रविवारी तेथे जावे. उपासना संपल्यावर लगेच निघू नये. पाळकांना भेटून पत्र द्यावे आणि तरुण संघाची बैठक कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावे. आईवडिलांनी फोनवर उपदेश करण्याऐवजी रात्रीच्या उपासनेतील उतारा कोणता होता एवढे कळवावे, म्हणजे वाटल्यास तिकडेही तोच वाचता येईल.